वजन ९२, उंची १७३: ऑल-माउंटन स्की कोणत्या मापाच्या घेऊ?

येळ्ळूरकर | १४ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, कारण बेळगावात स्कीबद्दल विचारायला एकही दुकान नाही. माझा मावसभाऊ म्युनिकला असतो. तो जानेवारीत गावी येतोय आणि येताना ऑल-माउंटन, म्हणजे तयार उतार आणि भुसभुशीत बर्फ दोन्हींवर चालणाऱ्या, स्की आणतो म्हणालाय. म्हणजे मला इथं बसून माप ठरवायचंय. एकदा आणल्या की परत करता येणार नाहीत.

माझं वय ३४, उंची १७३ सें.मी., वजन ९२ किलो. लहानपणापासून तालमीत होतो, त्यामुळं मांड्या भरीव आहेत. गुलमर्गला दोन हिवाळे गेलोय, आधी १४ दिवसांचा कोर्स आणि मग स्वतःचे आठ दिवस. तयार केलेल्या उतारावर दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं घेता येतात. भुसभुशीत बर्फात मात्र टोकं खाली जातात.

मागच्या वर्षी एकाकडून वापरलेल्या स्की घेतल्या होत्या. त्यानं स्की माझ्या शेजारी उभी केली, टोक नाकापर्यंत आलं आणि तो म्हणाला, "बरोबर बसली." लांबी १६३, मधली रुंदी ७६ मिलिमीटर. कोणासाठी बनवल्यात, कडक आहेत की मऊ, हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वेग वाढला की टोकं थडथडायची. सातव्या दिवशी पुढचं टोक बर्फात रुतलं, मी पालथा पडलो आणि गुडघा मुरगळला. सहा आठवडे जिना चढताना कठडा धरत होतो.

बायकोची उंची १५२, वजन ४९, एक कोर्स झालाय. तिला भाड्यानं १६० च्या स्की मिळाल्या होत्या. त्या तिच्याकडून वळायच्याच नाहीत, शेवटच्या दिवशी ती रडकुंडीला आली होती.

फेब्रुवारीत आम्ही दोघं परत गुलमर्गला जाणार आहोत. बजेट प्रत्येकी साठ-पासष्ट हजार, बाइंडिंग (बूट स्कीवर अडकवणारा भाग) धरून. काय घ्यावं?

हिंडलगा_सुभेदार | १४ डिसेंबर, रात्री १०:२५

बाळा, गुडघा आता पूर्ण बरा आहे ना? ते आधी सांग.

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत होतो. बर्फावर चालायला आणि घसरायला गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये शिकलो. आमच्या वेळी माप घ्यायची रीत साधी होती. ताठ उभं राहायचं, हात सरळ वर करायचा, स्कीचं टोक मनगटाला लागलं की ती तुझी स्की. माझी २०५ ची होती आणि मी तुझ्यापेक्षा दोन बोटं बुटका आहे. तुला नाकापर्यंतची दिली म्हणजे पोराची स्की दिली बघ. लांब स्की सरळ जाते, थडथडत नाही. १८५ च्या खाली जाऊ नकोस असं मी म्हणेन.

खानापूरची_लेक | १५ डिसेंबर, पहाटे २:१०

सुभेदारकाका, नमस्कार. तुमचा अनुभव माझ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, तरी इथं एक वेगळं मत मांडते. मी मूळची खानापूरची, नोकरीमुळं अकरा वर्षं बव्हेरियात आहे आणि दर हिवाळ्यात पंचवीस-तीस दिवस स्कीवर असते.

मनगटाचं माप सरळ स्कीसाठी अगदी योग्य होतं. त्या स्कीची कंबर, म्हणजे मधला भाग, आणि टोक यांच्या रुंदीत फारसा फरक नसायचा, त्यामुळं कडेची पकड मिळवायला लांबीच लागायची. १९९३ मध्ये स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीनं एससीएक्स ही खोल कमरेची स्की आणली आणि पुढच्या काही वर्षांत सगळ्यांच्याच स्की आखूड आणि कमनीय झाल्या. आता कडेवर कलंडवली की स्की आपणहून वळते. १७३ उंचीच्या माणसाला आज २०५ ची स्की कोणी देणार नाही.

पण काकांच्या बोलण्यातलं खरं मर्म येळ्ळूरकरांनी सोडू नये. त्यांना आखूड स्की दिली गेली, हे नक्की.

सध्याचा ढोबळ नियम असा की उभी केलेली स्की हनुवटी ते कपाळाच्या वरपर्यंत कुठंतरी यावी. नवशिक्याला हनुवटीजवळ, चांगलं येणाऱ्याला डोक्याइतकी किंवा किंचित वर. मात्र उंचीवरून फक्त सुरुवात करायची, ठरवायचं वजनावरून. स्कीला तुमची उंची कळत नाही, तिच्यावर पडणारा भार कळतो. १७३ उंचीची ६२ किलोची मुलगी आणि ९२ किलोचा पैलवान यांना एकच स्की द्यायची म्हणजे दोघांना एकाच मापाचा सदरा शिवण्यासारखं आहे.

आणखी एक. हल्लीच्या बहुतेक ऑल-माउंटन स्कीचं पुढचं टोक, कधी मागचंही, आधीपासूनच वर उचललेलं असतं. त्याला रॉकर म्हणतात. कडक उतारावर तेवढा भाग बर्फाला टेकतच नाही, म्हणून स्की तिच्या आकड्यापेक्षा आखूड वाटते. अशी स्की पाचेक सेंटिमीटर लांब घेतली तरी चालते.

तुमच्यासाठी माझा आकडा १७७ ते १८०. कंबर ९० ते ९६ मिलिमीटर. आत धातूचा थर असलेली, मध्यम ते कडक.

उद्यमबाग | १५ डिसेंबर, सकाळी ८:०५

मी स्की फक्त दोनदा केलंय, पण उद्यमबागेत बावीस वर्षं मशीन शॉप चालवतोय. येळ्ळूरकरांची टोकं का थडथडली, हे माझ्या बाजूनं सांगतो.

स्की म्हणजे मध्ये जाड आणि टोकांकडं पातळ होत गेलेली पट्टी. गाभा लाकडाचा, बहुतेक पॉप्लर, अ‍ॅश किंवा पाउलोनियाचा. त्यावर-खाली फायबरग्लास आणि महाग स्कीत टायटॅनलचे थर. टायटॅनल म्हणजे टायटॅनियम नव्हे, तो अ‍ॅल्युमिनियमचा मजबूत मिश्रधातू आहे. नावावरून बऱ्याच जणांचा गैरसमज होतो, आमच्या कामगारांचाही झाला होता.

पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणं वाढतो. जाडी दहा टक्के वाढवली तर ताठपणा तेहतीस टक्के वाढतो. त्यामुळं दोन स्की शेजारी ठेवल्या तर डोळ्याला सारख्या दिसतात आणि पायाखाली पूर्ण वेगळ्या वागतात. दुकानात उभी करून माप घेताना हे कळणारच नाही. हातानं वाकवून बघावी लागते.

९२ किलोचा माणूस वळणात असताना स्कीवर त्याच्या वजनापेक्षा बराच जास्त भार येतो. मऊ पट्टी गरजेपेक्षा जास्त वाकते, कडेचा दाब फक्त बुटाखाली गोळा होतो, पुढचं टोक भाररहित होतं आणि कंप पावतं. लेथवर लांब, बारीक जॉब टेलस्टॉकशिवाय, म्हणजे दुसऱ्या टोकाला आधार न देता, धरला की जसा चॅटर (थरथर) येतो, तसंच हे. उलट वहिनींचं. ४९ किलोत लांब आणि ताठ स्की वाकतच नाही. न वाकलेली स्की सरळ जाते, माणूस कितीही जोर लावो. त्यांना वळता आलं नाही यात त्यांची चूक शून्य.

स्कीवर "आर १७" असं छापलेलं असतं, म्हणजे कडेच्या वक्राची त्रिज्या १७ मीटर. हा आकडा काही कायमचा नाही. स्की जितकी कलंडवाल तितकं वळण आवळतं, साधारण त्रिज्या गुणिले कलाच्या कोनाची कोज्या. साठ अंश कलंडवली तर १७ ची साडेआठ होते. ऑल-माउंटनमध्ये १४ ते १८ च्या दरम्यान आकडे दिसतात. त्यापलीकडं त्यावर फार डोकं खर्च करू नका.

निपाणी_ते_अफरवट | १५ डिसेंबर, दुपारी १:३०

सगळे ९०-९६ म्हणताहेत म्हणून लिहितो. गुलमर्गला जायचं तर १०८ घ्या! तिथला जानेवारी-फेब्रुवारीतला कोरडा बर्फ म्हणजे चाळलेली तंबाखू. गोंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावरून अफरवट डोंगराच्या खांद्यावर उतरलात की कंबरभर पावडर, म्हणजे ताजा भुसभुशीत बर्फ, असते. तिथं ९० ची स्की म्हणजे त्रास. मी १०८ ची वापरतो, पाण्यावर होडी चालावी तशी तरंगते.

खानापूरची_लेक | १५ डिसेंबर, रात्री ११:५०

निपाणीकर दादा, पावडरबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे. रुंद स्की तरंगते. पण आठ दिवसांच्या सहलीत ताजी पावडर किती दिवस मिळते? बर्फ पडून तीन-चार दिवस झाले की वरचा भाग माणसांनी तुडवलेला असतो. खाली गोंडोलाच्या पहिल्या टप्प्यावरच्या कोंगडोरीच्या उतारावर सकाळी कडक आणि दुपारी ओबडधोबड. येळ्ळूरकर अजून बराच वेळ तिथंच असणार.

रुंद स्की कडक बर्फावर कडेवर आणायची तर बुटाखालून जास्त बाहेर ताकद लावावी लागते आणि तो पीळ गुडघ्यावर येतो. ज्याचा गुडघा वर्षापूर्वी मुरगळलाय, त्याला मी १०८ देणार नाही. खूप बर्फ पडला तर एक दिवस रुंद स्की भाड्यानं घ्यावी. स्वतःची स्की मात्र आठपैकी सहा दिवस उपयोगी पडेल अशी असावी.

उद्यमबाग | १६ डिसेंबर, सकाळी ७:४०

ढोबळ हिशेब केला. १६३ लांब, ७६ कमरेची आणि १७७ लांब, ९६ कमरेची, यांच्या तळाच्या क्षेत्रफळात सुमारे एक तृतीयांश फरक पडतो. टोकं रुतायची, त्याचं बरंचसं उत्तर एवढ्यातच मिळेल.

निपाणी_ते_अफरवट | १६ डिसेंबर, सकाळी ९:१५

गुडघ्याचं मी लक्षात घेतलं नव्हतं. मग ९६ ठीक. माझ्याही डाव्या गुडघ्याला कडक दिवसांत संध्याकाळी ठणका लागतो, त्याचं कारण आज समजलं.

हिंडलगा_सुभेदार | १६ डिसेंबर, सकाळी १०:००

ताई, तुझं पटलं. १८५ मी मागं घेतो.

पण अफरवटचा विषय निघालाय म्हणून एक बोलतो, पोरांनो, नीट ऐका. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला हिमकडा कोसळला आणि प्रशिक्षणातले आमचे १७ जवान गेले. ती सगळी तयारीची, शिकलेली माणसं होती. रुंद स्की पायात आली की माणसाला वाटतं, आता कुठंही उतरावं. स्की तरंगवते, हिमकड्यातून वाचवत नाही. खुणा केलेल्या उताराबाहेर जायचं तर अंगावर ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा माग देणारं यंत्र), पाठीवर फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), सोबत तिथला माहीतगार माणूस. आणि त्या दिवशीची हिमकड्यांची सूचना वाचूनच. साठ हजारांत हे बसत नसेल तर उताराच्या आतच राहा.

टिळकवाडी_फिजिओ | १६ डिसेंबर, रात्री ९:०५

दोन दिवस नुसती वाचत होते. स्कीवर एवढी चर्चा झाली आणि बुटांचं कोणी काढलंच नाही, म्हणून लिहायला बसले. बजेट मर्यादित असेल तर आधी स्वतःचे बूट घ्या, स्की एक वर्ष भाड्यानं घेतली तरी चालेल. पायाचा हुकूम स्कीपर्यंत बुटातूनच पोचतो. टाच आत उचलली जात असेल तर सगळ्यात भारी स्कीसुद्धा उशिरा ऐकते.

बुटाचं माप पावलाच्या लांबीचं असतं, सेंटिमीटरमध्ये. २६.५ म्हणजे साडेसव्वीस सेंटिमीटरचं पाऊल. नेहमीच्या बुटाचा नंबर मावसभावाला कळवू नका. टाच भिंतीला लावून कागदावर उभं राहा, सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा, दोन्ही पायांचं मोजा आणि रुंदीही मोजा. आपल्याकडं अनवाणी किंवा चपलेत वाढलेले पाय पुढं पसरट असतात. शंभर ते १०२ मिलिमीटर रुंदीचा साचा बहुतेकांना लागतो. ९८ चा अरुंद बूट दुकानात रुबाबदार वाटतो, दुसऱ्या दिवशी बोटं बधिर होतात.

दुकानात आतलं अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढं टेकवायची आणि टाचेमागं किती जागा राहते ते बघायचं. एक ते दीड बोट बसलं तर बूट बरोबर, तीन बोटं बसली तर मोठा. म्हणून खरं तर पाय इथं आणि बूट म्युनिकला ही पद्धत मला मान्य नाही. बूट स्वतः घालूनच घ्यावेत, दिल्लीत थांबून किंवा गुलमर्गला पोचल्यावर. आणि मोजा एकच, पातळ. थंडी वाजते म्हणून दोन घातले तर रक्त अडतं आणि पाय जास्तच गार पडतो.

आता बाइंडिंग. पडताना बूट सोडायचा की धरून ठेवायचा, हे त्यावरचा डिन आकडा ठरवतो. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमची स्की करण्याची पद्धत यांच्या तक्त्यावरून काढतात. वय पन्नासच्या पुढं गेलं की एक पायरी खाली. मित्राचा आकडा बघून स्वतः स्क्रू फिरवायचा नाही. कमी ठेवला तर वळणातच सुटते, जास्त ठेवला तर सुटायच्या वेळी सुटत नाही आणि हाड किंवा लिगामेंट जातं. तुमचा आकडा बाइंडिंगच्या पट्ट्याच्या मध्यावर यावा. चार ते तेराचं बाइंडिंग येळ्ळूरकरांना योग्य, वहिनींना तीन ते दहाचं. आकडा बरोबर असला तरी गुडघ्याच्या आतल्या एसीएल या लिगामेंटला बाइंडिंग पूर्ण संरक्षण देत नाही. म्हणून फेब्रुवारीपर्यंत रोज एका पायावरच्या बैठका. मागच्या दुखापतीनंतर दोन्ही मांड्यांचा घेर मोजून बघितला होता का?

येळ्ळूरकर | १६ डिसेंबर, रात्री १०:३०

आत्ता मोजला. उजवी मांडी दीड सेंटिमीटर कमी आहे. मला वाटलं होतं, सगळं भरून आलं.

टिळकवाडी_फिजिओ | १६ डिसेंबर, रात्री १०:४५

मग उद्यापासून तालमीत जा, पण जोर राहू देत, बैठका धरा. उजव्या पायाच्या दीडपट. दुखलं तर थांबा आणि एकदा दाखवून घ्या.

येळ्ळूरची_सून | १७ डिसेंबर, दुपारी ३:२०

नमस्कार, मी येळ्ळूरकरांची बायको. माझ्याबद्दल एवढं लिहिलंय तर म्हटलं आपणच विचारावं. उद्यमबागवाल्या दादांनी "चूक शून्य" लिहिलं ते मी तीनदा वाचलं. तिथं मला सगळे सांगत होते, घाबरू नकोस, वजन पुढं टाक. मी टाकत होते हो, तरी ती वळायची नाही.

माझा प्रश्न. बायकांच्या म्हणून वेगळ्या स्की मिळतात, त्या खरंच वेगळ्या असतात की फक्त रंग वेगळा? आणि मी अजून नवशिकी आहे म्हणून अगदी मऊ घेतली तर पुढच्या वर्षी परत बदलावी लागेल का?

खानापूरची_लेक | १७ डिसेंबर, रात्री ११:३०

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्याही पहिल्या वर्षी असंच झालं होतं, आणि मी तर दोन वर्षं भाड्याच्या चुकीच्या स्कीवर काढली.

काही मॉडेलमध्ये खरंच फक्त रंग वेगळा असतो. काहींमध्ये गाभा हलका असतो, ताठपणा कमी असतो आणि बाइंडिंगची जागा किंचित पुढं असते. तेव्हा "बायकांची" हा शब्द बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी बघा: वजनाला हलकी आहे का, मधोमध हातानं दाबल्यावर वाकते का, आणि तुमच्या लांबीत मिळते का. बऱ्याच पुरुषांच्या स्की १६० च्या खाली बनतच नाहीत, तुम्हाला तर १४४ ते १५० हवी. कंबर ८० ते ८४ पुरे. तुमच्या वजनाला तेवढ्यावर पावडरमध्येही चांगलं तरंगता येतं. तुमच्या मिस्टरांना जे ९६ वर मिळतं, ते तुम्हाला त्याहून कमी रुंदीत मिळतं.

अगदी मऊ घेऊ नका. वर्षभरात तुम्ही पुढं जाल. मध्यम घ्या, धातूच्या थराशिवाय. टोकाला रॉकर आणि मध्ये कॅम्बर (मधला भाग कमानीसारखा वर उचललेला), म्हणजे वळण सुरू व्हायला सोपं आणि पायाखाली पकड. १५० ची अशी स्की तुमच्याकडं तीन-चार वर्षं राहील.

येळ्ळूरकरांसाठी नावं हवी असतील तर फोल्कलची मँट्रा, ९६ कमरेची, १७७ लांबीत, किंवा नॉर्डिकाची एन्फोर्सर ९४. दोन्हींत धातू आहे, दोन्ही वजनदार माणसाला आधार देतात. मागच्या वर्षीचं मॉडेल घ्या, बहुतेक वेळा रंगाशिवाय काही बदललेलं नसतं आणि किंमत बरीच उतरते. भावाला सांगा, बाइंडिंगचा ब्रेक स्कीच्या कमरेइतका किंवा तिच्याहून दहा-पंधरा मिलिमीटर जास्त रुंद असावा, कमी नको, नाहीतर तो खाली उतरणारच नाही. आणि बाइंडिंग तिथं बसवून आणू नका, कारण बूट अजून घेतलेले नाहीत. बूट हातात आल्यावर गुलमर्गला जाणत्या माणसाकडून बसवून घ्या.

उद्यमबाग | १८ डिसेंबर, सकाळी ८:२०

परत आल्यावरचं आत्ताच सांगून ठेवतो, कारण नंतर हा धागा खाली जाईल. कडा पोलादाच्या असतात आणि आपल्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा. येळ्ळूरला थोडं बरं, खानापूर-कणकुंबीकडं तर भिंतीसुद्धा घाम गाळतात. घरी आल्यावर स्की पुसून, सुकवून, कडा गंज-खोडरबरानं साफ करून तळावर आणि कडांवर मेणाचा जाड थर इस्त्रीनं बसवायचा आणि खरवडायचा नाही. तो थर पुढच्या हिवाळ्यात काढायचा. ओल्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकलं तर जूनपर्यंत कडा तांबड्या झालेल्या असतील. मेणाची साधी इस्त्री चालेल, पण कपड्यांची नको, तिच्या वाफेच्या भोकांत मेण बसतं.

कडांना धार लावायची असेल तर बाजूचा कोन ८८ अंश ठेवा. माझ्याकडं जिग (कोन धरून ठेवणारा साचा) आहे, कधीही घेऊन या, पैसे घेणार नाही.

हिंडलगा_सुभेदार | १८ डिसेंबर, संध्याकाळी ६:१५

येळ्ळूरकर, सूनबाई, रविवारी सकाळी सातला दोघं हिंडलग्याला या. पावलं मोजायला कागद आणि पट्टी माझ्याकडं आहे. सूनबाईला मी उभं कसं राहायचं ते दाखवतो, अंगणातल्या उतारावर. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली, गुडघे सैल, हात समोर, कुस्तीत सलामी दिल्यावर पैलवान उभा राहतो तसं. तुझ्या नवऱ्याला ते येतं, त्यानं तुला शिकवलं नसेल तर मी शिकवतो.

येळ्ळूरकर | १८ डिसेंबर, रात्री ९:००

काका, येतो. भावाला आत्ता निरोप पाठवला: एक जोडी १७७, ९६ कमरेची, धातूवाली, बाइंडिंग चार ते तेरा, सुटं. एक जोडी १५०, ८० ते ८४ मधली, धातूशिवाय, बाइंडिंग तीन ते दहा, सुटं. बूट आम्ही स्वतः घालून घेणार. त्याचं उत्तर आलंय: लांब पिशवी विमानात घालण्याआधी आकार विचारावा लागतो, ते त्यानं बघितलंय. पुढं बेळगावहून निजामुद्दीनपर्यंत आम्ही गोवा एक्स्प्रेसनं जाणार. १७७ ची पिशवी बर्थखाली सरळ मावते का, हे कोणी करून बघितलंय का?

निपाणी_ते_अफरवट | १८ डिसेंबर, रात्री ९:२०

मी नेतो दरवर्षी. खालचा बर्थ घ्या, पिशवी आतल्या भिंतीला टेकवून लावा, आणि रात्री साखळी लावायला विसरू नका.